मनोरा आणि शिडी : काही मराठी आत्मकथांचा विचार

आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार मुळातच तरून गेलेल्या माणसाचा आहे. नदी पोहून पैलतीरास लागलेला मनुष्य प्रवाहाचे वर्णन करतो. मध्येच बुडालेल्याची हकीकत सांगावयास कोणी उरत नाही. ही गोष्ट इतकी उघड आहे की, ती बोलून दाखविण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. परंतु गेल्या अर्धशतकात ज्या आत्मकथांनी मराठी वाङ्मयाचे क्षेत्र विस्तृत केले, त्यांच्या परीक्षणात नेमकी हीच गोष्ट विसरली जाते असे आम्हांस वाटते. हे ग्रंथ प्रसिद्ध झाले म्हणजे 'जिद्द', 'चिकाटी', 'परिस्थितीवर मात' हे तीन शब्द परीक्षणकारांच्या लेखणीतून ठरल्याप्रमाणे उतरतात. जणू ग्रंथकर्ता हा कोणी शर्यत जिंकलेला वीर आणि ग्रंथ हा त्याचा विजयस्तंभ. ग्रंथ स्वतः मात्र असे काही म्हणत नाहीत. ते काळजीपूर्वक वाचले असता त्यांतून निघणारी साक्ष बहुधा ह्या स्तुतीच्या उलट जाते. ती साक्ष काय आहे हे पाहणे, आणि तिच्यावरून अशा ग्रंथांची पारख कोणत्या कसोटीवर करावी ह्याचा विचार करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' पत्र सुरू केले, तेव्हा पहिल्याच अंकात त्यांनी हिंदू समाजास एका मनोऱ्याची उपमा दिली होती. प्रत्येक जात हा त्या मनोऱ्याचा एकेक मजला. पण एका मजल्यावरून दुसऱ्यावर जावयास शिडीच नाही. ज्या मजल्यावर जन्मावे त्याच मजल्यावर मरावे. त्या अंकास आता शंभरांवर वर्षे लोटली. मधल्या काळात काही शिड्या लागल्या, काही मोडल्या, आणि काही माणसे वर गेली. ज्या आत्मकथांविषयी आम्ही लिहीत आहोत, त्या ह्या वर गेलेल्या माणसांनी लिहिल्या आहेत. म्हणून त्यांना विचारावयाचा पहिला प्रश्न 'तुम्ही किती धैर्याने चढलात?' हा नव्हे. शिडी कोणी लावली होती, ती किती जणांना पेलली, आणि चढताना खाली काय टाकावे लागले, हे प्रश्न त्याआधीचे होत.

आनंद यादव ह्यांचा 'झोंबी' (१९८७) प्रथम घेऊ. कागलच्या एका शेतकरी कुटुंबातील मुलाची शिक्षणासाठी चाललेली झटापट हा त्याचा विषय. बापाने मुलाला शाळेतून काढून शेतात जुंपले आहे. बापाचा हेकटपणा लेखकाने लपविलेला नाही. तथापि त्या हेकटपणामागचा हिशेबही त्याने लपविलेला नाही. घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि राबणारे हात थोडे, अशा संसारात दहाबारा वर्षांच्या मुलाचे दोन हात ही भांडवलाची बाब असते. शाळा फुकट असली तरी त्या हातांची किंमत कोणी भरून देत नाही. उसाचे गुऱ्हाळ आटोपून शेतातले काम हलके झाले की मुलाच्या मनात शाळेचा विचार येतो. म्हणजे ज्ञानाची ओढ बारमाही असली तरी ती बोलून दाखविण्याची संधी शेतीच्या हंगामाने ठरते. हा बारकावा कोणत्याही शिक्षणविषयक अहवालात सापडावयाचा नाही.

आता ह्या मुलाची सुटका कशी होते ते पाहा. तो आणि त्याची आई गावातील वजनदार गृहस्थ दत्ताजीराव देसाई ह्यांच्याकडे जातात. देसाई बापाला बोलावून घेऊन त्याची कानउघाडणी करतात. बाप नरमतो, पण अटी घालतो: सकाळी शेतावर राबावे, मग शाळेस जावे, आणि शाळा सुटल्यावर गुरे राखावी. पुढे सौंदलगेकर नावाचे काव्याचे रसिक आणि स्वतः कवी असलेले मराठीचे शिक्षक भेटतात आणि मुलाच्या मनात कविता रुजते. कागद जवळ नसला म्हणजे गुरे राखताना तो म्हशीच्या पाठीवर काडीने ओळी लिहितो. हे चित्र कोणाही सहृदय वाचकाच्या मनातून जाणार नाही. परंतु परीक्षकाने येथे थांबून विचार करावा. देसाईंच्या वाड्याची पायरी चढण्यापूर्वी मुलाची बुद्धी तीच होती, जिद्दही तीच होती. तेव्हा ती निष्फळ होती. एका वजनदार माणसाच्या एका शब्दाने ती फळास आली. ज्या घरच्या आईला देसाईंकडे जाण्याचे सुचले नाही, किंवा ज्या गावचा देसाई दुसऱ्याच स्वभावाचा होता, तेथल्या मुलाचा 'झोंबी' लिहिला गेला नाही. यादवांचे थोरपण असे की, हा योगायोग त्यांनी जसाच्या तसा ठेवला आहे. स्वतःच्या पराक्रमाला शोभा यावी म्हणून तो झाकलेला नाही. आईचे कष्टांत आणि बाळंतपणांत झिजत जाणे, भावंडांचे हाल, हे सर्व ह्या ग्रंथात मुलाच्या अभ्यासाच्या बरोबरीने चालते. एकाच्या शिक्षणाची किंमत सगळे घर भरीत आहे, हे त्यातून आपोआप कळते.

'झोंबी'तील अडसर हा मुख्यतः भाकरीचा आहे. तो कठीण खरा, तरी कोणाच्या तरी मध्यस्थीने बाजूस सरकणारा आहे. दुसरा एक अडसर असा आहे की, तो भाकरीची सोय होऊन, पदवी हाती येऊनही जागचा हलत नाही. त्याचे सर्वांत नेमके वर्णन कुमुद पावडे ह्यांच्या 'अंतःस्फोट' (१९८१) ह्या ग्रंथात आहे. नागपूरच्या महार घरातील ही मुलगी संस्कृत शिकावयाचे मनात आणते. जी भाषा तिच्या पूर्वजांच्या कानांवर पडणेही पाप मानले गेले, तीच शिकावयाची म्हणजे लोकांच्या भुवया वर जाणारच. शाळेतील गोखले गुरुजी सोवळ्यातले दिसतात. ते आपल्याला शिकवतील की नाही अशी तिला धास्ती. पण ते प्रेमाने शिकवतात. पुढे ती संस्कृत घेऊन एम्. ए. होते. सत्कार होतात, कौतुक होते. अध्यापिकेची जागा मात्र मिळत नाही. नंतर तिचा विवाह दुसऱ्या जातीच्या गृहस्थाशी होतो, सोमकुवर हे आडनाव जाऊन पावडे हे आडनाव येते, आणि नेमणूक होते. विद्या तीच, पदवी तीच, माणूसही तेच. बदलले ते केवळ आडनाव. लेखिकेने स्वतःच हे ओळखून स्पष्टपणे सांगितले आहे की, जागा मिळाली ती पावडे बाईंना, सोमकुवर बाईंना नव्हे.

हा प्रसंग 'झोंबी'शेजारी ठेवून वाचावा, म्हणजे आपण एरवी 'गरिबी' ह्या एका शब्दात कोंबतो त्या दोन निराळ्या गोष्टी वेगळ्या होतात. एक म्हणजे साधनांचा अभाव. दुसरी म्हणजे साधने मिळाल्यावरही मिटलेले दार. पहिलीवर वजीफा, वसतिगृह, भोजन हे उपाय चालतात. दुसरीवर ते पुरे पडत नाहीत. बाबुराव बागूल ह्यांनी 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) ह्या कथेत हेच कल्पितकथेच्या मार्गाने दाखविले होते. तिचा नायक रेल्वेच्या नोकरीवर परगावी रुजू होतो; नोकरी त्याच्या हाती आहे, पण राहावयास खोली हवी तर जात चोरावी लागते, आणि ती उघडकीस आल्यावर मार खावा लागतो. सरकारच्या दफ्तरात हा तरुण 'वर आलेला' गणला जाईल. घरमालकाच्या दृष्टीने मात्र तो होता तेथेच आहे.

लक्ष्मण माने ह्यांच्या 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड ह्यांच्या 'उचल्या' (१९८७) ह्या ग्रंथांत आणखी तिसरेच संकट दिसते. कैकाडी कुटुंब गाढवांवर संसार लादून टोपल्या, कणगी विणीत गावोगाव फिरते. शाळा मात्र एका जागी बांधलेली. बापाच्या मनात मुलास शिकवावयाचे आहे, पण पोट एका गावात भरत नाही. येथे शाळेचे दार बंद आहे असे म्हणता येत नाही. ते दार स्थिर आहे आणि जीवन चालते आहे, एवढाच काय तो दोष. मराठवाड्यातील ऊसतोड कामगार आजही दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या मुलुखात जातात आणि त्यांच्या मुलांची पटावरची नावे मागे राहतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना 'उपरा' जुना वाटणार नाही. 'उचल्या'त तर समाजाची नोंद पटावर होण्यापूर्वी पोलिसांच्या दफ्तरात झालेली. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण ठाण्याची दृष्टी कायद्याबरोबर रद्द झाली नाही. ज्याला शिडीपर्यंत चालत जाण्याचीही मोकळीक नाही, त्याला शिडीचे गुणगान ऐकविणे ही थट्टाच होय.

येथवर बाहेरच्या अडथळ्यांचा विचार झाला. परंतु वर पोहोचलेल्या माणसाच्या आत काय होते हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर आम्हांस दया पवार ह्यांच्या 'बलुतं' (१९७८) ह्या ग्रंथाइतक्या निर्भयपणे अन्यत्र कोठे आढळले नाही. ह्या ग्रंथाची रचनाच मुळी ह्या उत्तरातून निघालेली आहे. सुशिक्षित, नोकरदार, कवी म्हणून ओळख मिळालेले दया पवार हे दगडू मारुती पवार ह्या आपल्याच दुसऱ्या रूपासमोर बसतात, आणि कहाणी सांगतो तो दगडू. गावचा महारवाडा, मुंबईचा कावाखाना, आईचे कष्ट, संगमनेरचे बोर्डिंग, हे सर्व दगडूचे आहे. कचेरीतले टेबल दयाचे आहे. दोघे एकाच देहात राहतात, पण एकमेकांशी त्यांचे धड पटत नाही. वर आलेल्या माणसाला खालच्याची लाज वाटते, आणि त्या लाजेचीच पुन्हा लाज वाटते. ही दुहेरी लाज पवारांनी कोणतीही सारवासारव न करता मांडली. स्वतःच्या वस्तीतील माणसांचे दोष उघड केले म्हणून त्यांच्यावर आपल्यांतूनच रागावणारे लोकही निघाले. परंतु ज्यास केवळ विजयगाथा लिहावयाची आहे त्याला दगडूची गरजच पडत नाही. तो दयापासूनच सुरुवात करतो. पवारांनी दगडूला खुर्ची दिली, हेच त्या ग्रंथाच्या श्रेष्ठतेचे कारण आहे असे आमचे मत आहे.

आता शिडी कोणी लावली ह्या प्रश्नाकडे वळू. संगमनेरच्या बोर्डिंगाचा उल्लेख वर आलाच आहे. प्र. ई. सोनकांबळे ह्यांच्या 'आठवणींचे पक्षी' (१९७९) मध्ये आईबापांविना बहिणीच्या घरी उपाशीपोटी वाढलेला मुलगा पुढे औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मिलिंद महाविद्यालयात पोहोचतो. हे बोर्डिंग, हे महाविद्यालय, हे कथेतील केवळ देखावे नव्हेत. कथा घडते ती त्यांच्यामुळे. आणि ती आकाशातून पडलेली नव्हती. श्रमकरी रयतेच्या पैशावर वरच्या वर्गांचे उच्च शिक्षण पोसले जाते, प्राथमिक शिक्षण मात्र उपाशी राहते, अशी तक्रार जोतीराव फुले ह्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे केली, आणि बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणीही केली. शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहे उभी करविली आणि २६ जुलै १९०२ च्या आज्ञेने संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. १९२४ साली साताऱ्यास काढलेल्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवू लागली. १९४५ साली आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालय निघाले. ही सनावळी आम्ही मुद्दाम दिली. कारण ज्या आत्मकथांना आपण एकेका मनुष्याच्या जिद्दीचे फळ समजतो, त्यांच्या मुळाशी असे अर्धशतकाचे सामुदायिक कष्ट आहेत. वाङ्मयाच्या इतिहासकाराने ह्या वसतिगृहांना मराठी गद्याच्या इतिहासात स्थान द्यावयास हवे. अमुक नियतकालिकाने अमुक लेखक घडविले असे आपण म्हणतोच. मग अमुक बोर्डिंगाच्या दोन वेळच्या जेवणाने अमुक लेखक घडविले असे म्हणावयास कोणती हरकत आहे?

शिडीच्या आणखी एका पायरीचा उल्लेख करणे भाग आहे. नरेंद्र जाधव ह्यांचा 'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३) हा ग्रंथ फार लोकप्रिय झाला, आणि तो यशोगाथा म्हणूनच बहुधा वाचला जातो. मुलगा अर्थशास्त्रज्ञ झाला, हा त्याचा शेवट प्रत्येकास ठाऊक असतो. परंतु ग्रंथाचे नाव लेखकाने बापावरून ठेवले आहे, ही खूण वाचकाने सोडू नये. गावची येसकरकी झुगारून मुंबईस आलेला हा बाप पोर्ट ट्रस्टच्या नोकरीत होता. दर महिन्यास येणारा पगार, लहान का होईना पण कायमची नोकरी, ह्या जमिनीवर पाय रोवून पुढच्या पिढीने उडी घेतली. 'बलुतं'तील बापही मुंबईच्या गोदीतलाच. गोदी, रेल्वे, नगरपालिका, गिरणी ह्यांतील कायम नोकरी ही एका पिढीची अखेरची पायरी आणि दुसरीची पहिली पायरी होती. आज तीच कामे कंत्राटाने करून घेण्याची प्रथा सर्वत्र पसरली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. त्या उद्ध्वस्त गिरणगावातील एका कुटुंबाची दशा जयंत पवार ह्यांनी 'अधांतर' (१९९७) ह्या नाटकात रंगविली. तेथील मुलांपाशी बुद्धी नाही किंवा इच्छा नाही असे नाही. पाय ठेवावयास पायरी नाही. नाटकाचे नावच त्यांच्या स्थितीचे वर्णन आहे. ज्यांची आत्मकथा कधीच लिहिली जाणार नाही त्यांची कथा सांगणे हे कादंबरी आणि नाटक ह्यांचे कर्तव्य होय, असे जे आम्हांस वाटते त्याचे हे एक उत्तम उदाहरण आहे.

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, वाङ्मयाच्या परीक्षणात नोकऱ्या आणि वसतिगृहे ह्यांचा हिशेब कशास? ग्रंथ कलाकृती म्हणून कसा उतरला ते पाहावे. आमचे उत्तर असे की, आत्मकथेत कार्यकारणभाव हाच कथेचा कणा असतो. कोणत्या कारणाने कोणते कार्य घडले ह्याचा चुकीचा अर्थ परीक्षकाने लावला, तर त्याने कथाच चुकीची वाचली. मग भाषेच्या सौंदर्याविषयी त्याने काही लिहिले तरी ते वरवरचेच राहणार. दुसरा आक्षेप अधिक भावनेचा आहे: अशा वाचनाने ग्रंथकर्त्याच्या धैर्याचा अपमान होत नाही काय? आम्हांस उलट वाटते. हे धैर्य खरे आहे आणि मोठे आहे. परंतु मॅट्रिक होण्यासारख्या साध्या गोष्टीस जर वीराचे धैर्य लागत असेल, तर वीराची स्तुती करताना त्या व्यवस्थेची लाज वाटली पाहिजे. सुखवस्तू घरच्या सामान्य बुद्धीच्या मुलास असे धैर्य कधी दाखवावे लागत नाही. तो सामान्य राहूनही पदवीधर होतो. समतेची खरी परीक्षा असामान्य मुलगा वर गेला की नाही ह्यात नाही. गरिबाच्या घरच्या सामान्य मुलाचे काय झाले, ह्यात ती आहे.

जिद्दीच्या स्तुतीत एक दुष्परिणामही दडलेला आहे. मायकेल यंग ह्या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने १९५८ साली केवळ गुणवत्तेवर चालणाऱ्या भावी राज्याचे एक उपरोधिक चित्र काढले. त्या राज्यात वर गेलेल्यांस आपण सर्वथा लायक आहोत असे वाटू लागते, आणि खाली राहिलेल्यांस आपल्या नालायकीवाचून दुसरे कारण दाखविता येत नाही. त्यामुळे त्यांचा स्वाभिमानही जातो. गंमत अशी की, ज्या शब्दाने त्याने उपहास केला तो शब्दच पुढे लोकांनी आदर्श म्हणून उचलला. आपल्याकडे परीक्षांचे निकाल लागले की रिक्षावाल्याच्या मुलीचे, मोलकरणीच्या मुलाचे छायाचित्र वर्तमानपत्रात झळकते. आनंद मानण्याजोगी ती गोष्ट आहे. परंतु 'ही करू शकली, मग बाकीच्यांना काय झाले?' असा प्रश्न त्या छायाचित्राखाली न लिहिता लिहिलेला असतो, आणि आत्मकथांचे परीक्षणकार तोच प्रश्न नकळत ग्रंथांच्या माथी मारतात. एकाचे वर जाणे हा त्यामुळे इतरांविरुद्धचा पुरावा होऊन बसतो. दया पवारांनी किंवा कुमुद पावड्यांनी आपली लेखणी अशा पुराव्यासाठी खचित उचलली नव्हती.

सारांश, ह्या ग्रंथांसाठी आम्ही सुचवीत असलेली कसोटी अशी: लेखक किती उंच गेला हे पाहू नये, त्याच्या ग्रंथात मागे राहिलेली माणसे किती स्पष्ट दिसतात ते पाहावे. ह्या कसोटीस 'बलुतं' पूर्णपणे उतरते, 'झोंबी' उतरतो, 'अंतःस्फोट' बंद दाराचे चित्र इतक्या नेमकेपणाने काढतो की त्याच्या बाहेर थांबलेले इतरही दिसू लागतात. अलीकडे निघणाऱ्या काही आत्मकथांत मात्र बालपणाचे दारिद्र्य दोन प्रकरणांत आटोपून उरलेला ग्रंथ पदे, सत्कार आणि परदेशगमन ह्यांनी भरलेला आढळतो. त्यांतील दारिद्र्य पुढील यशास उठाव देणाऱ्या काळ्या पडद्यासारखे असते. असे ग्रंथ वाचून सुखवस्तू वाचकाचे समाधान होते, आणि हेच त्यांचे वैगुण्य होय. आमची अशी इच्छा आहे की, ह्या समर्थ परंपरेतील एखाद्या लेखकाने आता आपल्या शाळेतील शेजारच्या बाकावरच्या मुलाची गोष्ट लिहावी. तो कोणत्या इयत्तेत शाळेतून गेला, त्याच्या घरी त्या वर्षी काय घडले, पुढे तो कोठे कामास लागला, आणि त्याची मुले आज कोठे आहेत, एवढे जरी तपशीलवार सांगितले, तरी शिडीला किती पायऱ्या आहेत आणि त्यांपैकी किती मोडल्या आहेत ह्याचा मराठी वाचकास खरा हिशेब मिळेल.